कोई माशांचं तळं: मासे आणण्याआधीच होणाऱ्या चुका

अंगणात कोईंचं तळं करायचं ठरलं की पहिला फोन गवंड्याला जातो आणि दुसरा मासेवाल्याला. या दोन फोनमध्ये दीड-दोन महिन्यांचं अंतर असायला हवं. मी आठ दिवसांचं ठेवलं होतं. नऊ मासे सोडले, पंधरवड्यात दोन उरले. पाणी मात्र तळ दिसेल इतकं नितळ!

त्या नितळपणानेच घात केला. कोई कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे माशांना बरंच सोसतं. ही फौज जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर म्हणजे नुसती डब्यात भरलेली जाळी.

यावर उपाय विरजणाचा. ओळखीच्या कुणाकडे निरोगी माशांची, जुनी, चालू टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा, ओलाच आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. सुरुवातीला दोनच मासे सोडा. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. दोन्ही आकडे शून्यावर टिकल्याशिवाय तिसरा मासा नको. अमोनिया दिसला तर खाणं बंद करा, चौथा हिस्सा पाणी बदला आणि एअर पंप चालू ठेवा. नायट्राइट चढलं तर हजार लिटरला एक किलो खडे मीठ विरघळवून घाला. बदलीचं पाणी नळाचं असेल तर आधी अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारं औषध) घालायला विसरू नका. पाइप लावून थेट नळाचं पाणी सोडणं हे मासे मारायचं सर्वात सोपं तंत्र आहे.

सिमेंटचा हौद असेल तर आणखी एक भानगड. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा क्षारीय आहे त्याचं माप, 10 च्याही वर जाऊ शकतो. कोईंना 7 ते 8.5 मानवतो. शिवाय पीएच जितका जास्त, तितका अमोनिया जहाल. म्हणून हौद भरा, आठवडाभर ठेवा, रिकामा करा. असं तीनदा तरी करा आणि पीएच मोजूनच पुढे जा.

तळं गळतंय?

काळ्या मातीत बांधलेल्या हौदाला तडे जातातच. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यापुढे वॉटरप्रूफिंगचं काही चालत नाही. अशा जागी शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेला बरा, खाली खडे वेचून वाळूचा थर देऊन. दिसायला तो काही खास नाही, पण वर्षभरात शेवाळ धरलं की कळतही नाही.

उथळ तळं, भरमसाट मासे

दुकानात बोटाएवढा दिसणारा कोई पुढे दोन फूट लांब होतो. लांबी, रुंदी, खोली फुटांत घेऊन गुणा आणि आलेल्या आकड्याला 28 ने गुणा, की लिटर निघतात. 8 बाय 6 बाय 4 फुटांच्या तळ्यात सुमारे 5,400 लिटर पाणी मावतं. एका माशाला हजार लिटर धरले तर पाचच मासे. लोक वीस सोडतात.

चार फुटांपेक्षा कमी खोली नको. दोन फुटांचं पाणी मे महिन्यात तापतं आणि उतरती कड ठेवली की बगळ्याला जेवायची पायरीच मिळते. भिंती सरळ ठेवा. घरात लहान मूल असेल तर वर मजबूत जाळी हवीच, तिथे सौंदर्याचा विचार नको.

पहाटे मासे वर तोंड काढून उघडमीट करतात

ही भूक नाही, गुदमरणं आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. हिरवं पाणी असेल तर शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री तेच तो खातं, त्यामुळे पहाट सर्वात वाईट. कारंजं संध्याकाळी पाहुण्यांसाठी लावायचं आणि झोपताना बंद करायचं, ही सवय म्हणूनच उलटी आहे. एअर पंप रात्रभर चालू ठेवा आणि इन्व्हर्टरला जोडा. वीज जाऊन फिल्टर काही तास बंद राहिला तर आतले जिवाणूही मरतात.

फिल्टर धुताना तर हटकून चूक होते. नळाखाली चकचकीत धुतलेला स्पंज म्हणजे पुन्हा पहिला दिवस. तळ्याचंच पाणी बादलीत घ्या आणि त्यात हलकेच पिळून काढा, मळका राहिला तरी चालेल.

तळ्याची कड जमिनीपासून अर्धा फूट उंच ठेवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात अंगणातली माती आणि कुंड्यांतलं खत आत येईल. शाडूच्या गणपतीचं विसर्जनही या तळ्यात नको. गाळ कल्ल्यांत जातो, रंगाचं तर विचारूच नका. बादली पुरे.

आणि हौस फिटली म्हणून मासे नदीत सोडू नका. कोई हा कार्पच आहे, तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांचं खाणं पळवतो. मासे ज्या दुकानातून घेतले तिथे विचारा, मोठा कोई ते बहुधा आनंदाने परत घेतात.