गणपतीला इलेक्ट्रिक गाडी कोकणात नेताना: तयारीची यादी

पुण्याहून चिपळूण-गुहागरकडे इलेक्ट्रिक गाडी न्यायची तर तयारी गावच्या घराच्या मीटरपासून सुरू करावी. गाडी सहसा ठणठणीत असते, रुसतो तो पडवीतला प्लगपॉइंट. म्हणून महिनाभर आधीच वायरमनला गाठा. सणाच्या आठवड्यात तो भटजींपेक्षाही दुर्मीळ होतो. त्याच्याकडून मीटरपासून थेट ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घ्या, तिला वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावा, आणि टोकाला १६ अँपिअरचं सॉकेट, तेही पावसाची झड लागणार नाही अशा जागी. एक्स्टेन्शन बोर्डाचा विचारही नको. खरा प्रश्न अर्थिंगचा. जुन्या घरात अर्थिंगची तार भिंतीवर दिसते, पण खड्डा कुठे खणला होता ते कुणालाच आठवत नाही. मिक्सर आणि टीव्ही तशा जोडणीवर वर्षानुवर्षं चालतात. गाडीचा चार्जर मात्र लाल दिवा दाखवून अडून बसतो. त्याला चकवायची युक्ती सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याचं ऐकू नका. ओल्या अंगणात उभं राहून गाडीला हात तुम्हालाच लावायचा आहे. बिलावर मंजूर भारही बघून ठेवा. गाडी एकटीच ३.३ किलोवॉट ओढते, त्यामुळे भार तोकडा असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज वेळेत टाका.

गाडीचं काम त्या मानाने थोडं. टायर गार असताना हवा तपासा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, तेव्हा पंक्चरचं किट आणि हवेचा पंप डिकीत आहे ना ते बघा. छोटी १२ व्होल्टची बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. ब्रेक ऑइल आणि कूलंटची पातळी, वायपरची रबरं, झालं.

निघायच्या आदल्या रात्री १०० टक्के चार्ज करा, पण ते पहाटे पूर्ण होईल असं टायमर लावून. घरचा पोर्टेबल चार्जर भिंतीवरून काढून डिकीत टाका (हाच हमखास विसरतो). दोन-तीन चार्जिंग ॲप डाउनलोड करून त्यांत पैसे भरून ठेवा, कारण घाटात नेटवर्कचा भरवसा नसतो.

वाटेत माणगावच्या कोंडीला घाबरू नका. उभ्या गाडीत एसी वगळता फारसं काही खर्च होत नाही. भीती असते ती चार्जरपुढच्या रांगेची. म्हणून बॅटरी तळाला जाईपर्यंत थांबू नका, ३०-४० टक्के असतानाच रिकामा पॉइंट दिसला तर लावा. ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं, तेव्हा चार्जिंगची गन काढा आणि मागच्याला जागा द्या.

गावी संध्याकाळी घरोघरी माळा लागतात, व्होल्टेज पडतं आणि चार्जिंग रडतखडत चालतं किंवा बंदच पडतं. रात्रीची आरती आटोपून आळी झोपली की गाडी लावा. ३० युनिटची बॅटरी रिकामी असेल तर दहा तास धरून चाला. भावाचीही गाडी इलेक्ट्रिक असेल तर पाळ्या ठरवा, दोन्ही एकदम नकोत. पहिल्या रात्री अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर चार्जिंग थांबवा आणि वायरमनला बोलवा.

परतीचं गणित वेगळं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. माणसं-सामानासह १,८०० किलोची गाडी तेवढी वर चढवायला निदान तीन युनिट जातात, म्हणजे ३० युनिटच्या बॅटरीचा दहावा हिस्सा, आणि अंतराचा खर्च त्याहून निराळा. अशी गाडी असेल तर ताम्हिणीकडे वळताना पडद्यावर ७५ टक्के तरी असायला हवेत.