मुस्लिमेतर श्रोत्यांना इस्लामची तोंडओळख कशी करून द्यावी

मुस्लिमेतर श्रोत्यांना इस्लामची तोंडओळख करून देताना वक्ता स्वतः मुस्लिम आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. तो आपले प्रत्येक विधान कोणाच्या नावावर मांडतो, यावर सगळी मदार असते. ‘कुराण ईश्वराने उतरवले’ हे श्रद्धावंताचे विधान झाले. ‘कुराण ही ईश्वराची वाणी आहे, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे’ ही माहिती झाली. आणि ‘कुराणाची प्रमाण प्रत तिसरे खलिफा (पैगंबरांनंतरचे मुस्लिम समाजाचे प्रमुख) उस्मान यांच्या कारकिर्दीत सिद्ध झाली, असे मुस्लिम परंपरा सांगते’ हे इतिहासाच्या अंगाने केलेले विधान झाले. ही तिन्ही एकाच व्याख्यानात येऊ शकतात. परंतु ती एकमेकांत मिसळली की श्रोत्यांना एक तर आपल्याला धर्मोपदेश केला जात आहे असे वाटते, नाहीतर एका धर्मावर खटला चालला आहे असे वाटते, आणि दोन्ही वेळा त्यांचे ऐकणे थांबते.

म्हणून तयारी करतानाच आपल्या टिपणांतील प्रत्येक मुद्द्यासमोर समासात एक खूण करून ठेवावी: हे कुराणात आहे, हदीसमध्ये आहे, धर्मशास्त्रज्ञांनी काढलेला नियम आहे, की एखाद्या समाजाचा रिवाज आहे. हदीस म्हणजे मुहंमद पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या, सांगणाऱ्यांच्या साखळीसह जतन केलेल्या नोंदी. सुन्नी परंपरेत नवव्या शतकातील बुखारी आणि मुस्लिम या दोन विद्वानांचे संग्रह सर्वांत विश्वसनीय मानले जातात. या खुणेचा उपयोग नमाजच्या उदाहरणावरून चांगला दिसतो. नमाज कायम करण्याची आज्ञा कुराणात वारंवार येते. परंतु कोणत्या वेळी किती रकात (नमाजची ठरावीक आवर्तने) आणि कोणत्या क्रमाने, हे तपशील तिथे दिलेले नाहीत. ते पैगंबरांच्या आचरणावरून आणि हदीसवरून ठरले, त्यांतील बारकाव्यांवर निरनिराळ्या परंपरांमध्ये मतभेद आहेत, आणि प्रत्यक्षात पाचही वेळा नमाज पढणारे, फक्त शुक्रवारी मशिदीत जाणारे आणि केवळ ईदला जाणारे असे सगळेच स्वतःला मुस्लिम म्हणवतात. तेव्हा ‘मुस्लिम दिवसातून पाच वेळा नमाज पढतात’ असे सरसकट म्हणण्याऐवजी ‘पाच वेळा नमाज पढणे प्रौढ मुस्लिमाचे कर्तव्य मानले जाते’ असे म्हणावे.

दीड तासाचा अवधी असेल तर सुरुवातीची थोडी मिनिटे जगाच्या नकाशावर खर्च करावीत. मुस्लिम म्हणजे अरब हे समीकरण अनेकांच्या डोक्यात पक्के असते. जगातील मुस्लिमांची संख्या सुमारे २०० कोटी, म्हणजे मानवजातीच्या जवळपास एक चतुर्थांश आहे, आणि त्यांत अरबांचा वाटा साधारण पाचव्या हिश्शाइतका आहे. इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत आणि बांगलादेश या सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या देशांपैकी एकही अरब देश नाही. एवढे सांगितले की ‘इस्लाममध्ये असे का?’ या प्रश्नाऐवजी ‘अमुक देशात असे का?’ असा नेमका प्रश्न येण्याची शक्यता वाढते.

त्यानंतर श्रद्धेकडे वळावे, आणि तिथे एकेश्वरवादाला पहिले स्थान द्यावे, कारण बाकी सर्व त्यावरच उभे आहे. कुराणातील ११२वी सुरा (अध्याय) अवघ्या चार आयतींची (वचनांची) आहे आणि तिचा आशय असा: ईश्वर एक आहे; तो कोणावर अवलंबून नाही, सर्व त्याच्यावर अवलंबून आहेत; त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही; त्याच्या तोडीचे कोणी नाही. हा आशय फलकावर लिहून ठेवावा आणि पुढे मूर्तिपूजा, येशू किंवा पैगंबरांचे स्थान यांविषयी प्रश्न आला की त्याच फलकाकडे बोट दाखवावे. देवदूत, पूर्वीचे ईश्वरी ग्रंथ, प्रेषित, अंतिम निवाड्याचा दिवस आणि ईश्वरी नियती या उरलेल्या श्रद्धा थोडक्यात सांगितल्या तरी चालतात. प्रेषितांवर मात्र थोडे थांबावे. इब्राहिम (अब्राहम), मूसा (मोझेस) आणि ईसा (येशू) यांना इस्लाम आपलेच प्रेषित मानतो. कुराणाची १९वी सुरा ईसांची माता मरियम हिच्या नावाने आहे आणि ईसांचा जन्म पित्याविना झाला हे कुराणाला मान्य आहे. ते ईश्वराचे पुत्र होते, हे मात्र त्याला मान्य नाही. साम्य आणि भेद एकाच दमात सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते. नुसते साम्य सांगत गेल्यास श्रोते सुखावतात खरे, पण त्यांच्या पदरी काही पडत नाही.

पैगंबरांचे चरित्र सांगताना चार सन पुरेसे होतात. सुमारे ५७० मध्ये मक्केत जन्म; ६१० मध्ये हिरा गुहेत पहिला साक्षात्कार; ६२२ मध्ये मक्केहून मदिनेस स्थलांतर, जिथून हिजरी सन मोजला जातो; आणि ६३२ मध्ये मदिनेत निधन. मक्केतील काळात ते विरोध सोसणारे उपदेशक होते, मदिनेत ते एका समाजाचे प्रमुख, न्यायकर्ते आणि युद्धांत नेतृत्व करणारे झाले. हा फरक स्पष्ट करून सांगितला नाही तर कुराणातील निरनिराळ्या आयतींचा सूर इतका वेगळा का, हे श्रोत्यांना कधीच उमगत नाही. बोलताना एकेरी उल्लेख टाळावा; ‘पैगंबर’ किंवा ‘प्रेषित’ असा आदरार्थी उल्लेख करावा. त्यांचे चित्र दाखवू नये. काही जुन्या फारसी आणि ऑटोमन हस्तलिखितांत अशी चित्रे आढळतात हे खरे असले, तरी आजचे बहुसंख्य मुस्लिम ती गैर मानतात, आणि प्राथमिक व्याख्यानात त्यांची गरजही नसते. सुलेखन आणि मशिदींची वास्तुकला एवढ्यावर दृश्य सामग्री भरपूर होते.

कुराणाविषयी बोलताना श्रोत्यांपैकी काहींनी ते वाचायला घेऊन मध्येच सोडले असेल, असे गृहीत धरावे. याचे कारण ग्रंथाच्या रचनेत आहे. त्यात ११४ सुरा आहेत आणि त्यांचा क्रम घटनांच्या कालानुसार नाही. पहिल्या छोट्या सुरेनंतर साधारणपणे मोठ्या सुरा आधी आणि छोट्या नंतर अशी मांडणी आहे. त्यामुळे पहिल्या पानापासून वाचणारा वाचक सात आयती संपताच २८६ आयतींच्या दुसऱ्या सुरेत शिरतो, जिथे कायदा, कथा, वाद आणि उपदेश एकमेकांत गुंफलेले आहेत. नव्या वाचकाला वेगळी वाट दाखवावी: आधी पहिली सुरा, मग ९३वी, जिच्यात खचलेल्या पैगंबरांना धीर दिला आहे, आणि मग १२वी, जी यूसुफांची गोष्ट आरंभापासून शेवटपर्यंत सलग सांगते. शक्य असल्यास पहिल्या सुरेचे पठण एखाद्या जाणकाराकडून ऐकवावे, कारण हा ग्रंथ शतकानुशतके मुख्यतः कानांनी घेतला गेला आहे. ग्रंथाची प्रत सोबत असेल तर ती जमिनीवर किंवा इतर पुस्तकांच्या खाली ठेवू नये.

इस्लामच्या पाच स्तंभांपैकी, म्हणजे पाच मूलभूत कर्तव्यांपैकी, नमाजवर अधिक वेळ द्यावा; यादी घोकून दाखवण्यापेक्षा एक गोष्ट जवळून दाखवणे श्रोत्यांच्या अधिक लक्षात राहते. आधी वजू, म्हणजे नमाजपूर्वी पाण्याने करायची शुद्धी: मनगटापर्यंत हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात फिरवणे, घोट्यापर्यंत पाय. मग मक्केतील काब्याच्या दिशेने उभे राहून मनात संकल्प, कानांपर्यंत हात उचलून ‘अल्लाहु अकबर’, उभ्याने पहिल्या सुरेचे पठण आणि बहुधा कुराणातील आणखी काही भाग, कमरेतून वाकून रुकू, पुन्हा सरळ उभे राहणे, आणि कपाळ जमिनीला टेकवून दोन सजदे. ही एक रकात झाली. पहाटेच्या अनिवार्य नमाजेत अशा दोन, दुपारी चार, तिसऱ्या प्रहरी चार, सूर्यास्तानंतर तीन आणि रात्री चार, म्हणजे दिवसाला १७ रकात होतात. पहिली सुरा प्रत्येक रकातीत असल्यामुळे नियमाने नमाज पढणारा माणूस ‘आम्हाला सरळ मार्ग दाखव’ ही प्रार्थना रोज निदान १७ वेळा करतो. हा हिशेब ऐकून सभागृहात सहसा शांतता पसरते आणि मग चांगले प्रश्न येतात. श्रोत्यांना मात्र हौसेखातर सजदा करायला लावू नये. ती उपासना आहे, कवायत नव्हे. एखादे मुस्लिम पाहुणे स्वखुशीने समजावून सांगत असतील तर उत्तमच.

उरलेले स्तंभ भराभर घेता येतात. ‘अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही आणि मुहंमद त्याचे प्रेषित आहेत’ ही साक्ष हा पहिला. जकात म्हणजे ठरावीक मर्यादेवरील आणि वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीच्या अडीच टक्के देणे. ती कोणाला द्यावी याचे आठ प्रकार कुराणाच्या नवव्या सुरेत सांगितले आहेत. रमजानचा रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत असतो, त्यात पाणीही वर्ज्य असते, आणि आजारी, प्रवासी, गर्भवती यांना सवलत आहे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तितका अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. ऐपत आणि प्रकृती असेल त्याने आयुष्यात एकदा करावयाचा हज हा पाचवा.

पंथभेद वगळण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. ६३२ मध्ये पैगंबरांच्या निधनानंतर नेतृत्व कोणाकडे, हा प्रश्न उभा राहिला. समाजाने अबू बक्र यांना निवडले ते योग्यच झाले, असे मानणारे पुढे सुन्नी म्हणवले गेले. हा अधिकार पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली यांचा होता, असे मानणारे शिया. ६८० मध्ये अलींचे पुत्र हुसेन करबला येथे मारले गेले आणि ही घटना शिया स्मृतीच्या केंद्रस्थानी आली. आज सुन्नी बहुसंख्य आहेत आणि शियांचे प्रमाण साधारण १० ते १५ टक्के धरले जाते. सुन्नींमध्येही हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली अशा चार विधिपरंपरा आहेत, तर सूफी मार्गाचा प्रवाह या सगळ्यांतून वाहतो. ‘खरा इस्लाम कोणता?’ या प्रश्नाला उत्तर देण्याचे काम वक्त्याचे नाही. कोणते मुस्लिम कशाला प्रमाण मानतात, एवढे त्याने सांगावे.

खरी कसोटी प्रश्नोत्तरांत लागते. हिंसेविषयी प्रश्न येणारच, आणि त्यात बहुधा नवव्या सुरेतील पाचवी आयत वाचून दाखवली जाईल, जिच्यात अनेकेश्वरवाद्यांना ठार मारण्याची आज्ञा आहे. तिथे गडबडून ‘इस्लाम शांतीचा धर्म आहे’ एवढेच म्हणून बसू नये. प्रत पुढे घेऊन चौथी आणि सहावी आयतही मोठ्याने वाचावी: चौथीत करार पाळणाऱ्यांना वगळले आहे, आणि सहावीत आश्रय मागणाऱ्या अनेकेश्वरवाद्याला आश्रय देऊन सुरक्षित ठिकाणी पोहोचवण्यास सांगितले आहे. यानंतर अर्थनिर्णयाचा इतिहासही सांगावा. काही मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञांनी या आयतीमुळे आधीच्या सलोख्याच्या आयती रद्द झाल्या असे मानले, तर इतरांनी ती करार मोडणाऱ्या तत्कालीन अरब टोळ्यांपुरती मर्यादित ठेवली. आजचे दहशतवादी गट पहिल्या मताचा आधार घेऊ पाहतात आणि बहुसंख्य विद्वान त्यांचा दावा फेटाळतात. एवढे उत्तर लांबते, पण आडवळणी वाटत नाही.

स्त्रियांविषयीच्या प्रश्नालाही हीच रीत लागू पडते. कुराणाने स्त्रीला वारसाहक्क दिला, आणि मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट ठरवला. दोन्ही गोष्टी चौथ्या सुरेत आहेत आणि दोन्ही सांगाव्यात. आज या नियमांचा अर्थ कसा लावावा यावर खुद्द मुस्लिम स्त्री-पुरुषांत जोरदार चर्चा आहे, हेही नमूद करावे. वेशभूषेच्या सक्ती-बंदीचे कायदे देशोदेशी वेगळे असल्यामुळे प्रश्नकर्त्याला आधी ‘आपण कोणत्या देशाविषयी विचारता?’ असे विचारावे.

श्रोत्यांत एखादी मुस्लिम व्यक्ती बसलेली असेल तर तिला सर्व मुस्लिमांच्या वतीने उत्तर देण्यास पाचारण करू नये. तिला बोलावेसे वाटले तर ती स्वतः हात वर करील. व्याख्यानानंतर मशीद पाहण्यास जायचे ठरले, तर व्यवस्थापकांशी आधी बोलून वेळ घ्यावी, शुक्रवारची दुपार टाळावी, पादत्राणे बाहेर काढावीत, अंगभर कपडे घालावेत, डोके झाकण्याविषयी तेथील नियम आधीच विचारून घ्यावा, आणि नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नये.