हळव्या कानांच्या मुलांसाठी सणाची तयारी

समारंभाला माणसे जमली आणि गाणी वाजू लागली, की काही मुले कानांवर हात घट्ट दाबून कोपरा शोधतात, तर काही एकाएकी किंचाळू लागतात. जमलेली मंडळी त्याला हट्ट म्हणतात आणि 'थोडे सोसू द्या, सवय होईल' असा सल्ला देतात. माझ्या मते हा सल्ला मुलावर अन्याय करणारा आहे. आवाज, प्रकाश, वास आणि स्पर्श यांपैकी कशाकडे लक्ष द्यायचे आणि काय सोडून द्यायचे, ही निवड या मुलांच्या मेंदूला जड जाते. त्यामुळे इतरांच्या कानांआड होणारा कलकलाट त्यांच्या अंगावर एकदम चालून येतो. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ सालच्या निदान-नियमावलीत संवेदनांना मिळणाऱ्या अशा जास्त किंवा कमी प्रतिसादाचा स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निकषांत समावेश झाला. मात्र स्वमग्न नसलेल्या अनेक मुलांमध्येही ही संवेदनशीलता आढळते.

मिक्सरच्या आवाजाने रडणारे मूल कधी कधी स्वतःच्या हातातला डबा मात्र बराच वेळ आनंदाने बडवत बसते, कारण तो आवाज कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे त्याच्या हाती असते. त्रास आवाजाच्या मोठेपणाचा असतो, तसाच तो आवाज अवचित येण्याचा आणि आपल्याला थांबवता न येण्याचाही असतो. पुढचे सगळे उपाय या एका निरीक्षणावर उभे आहेत.

सणाच्या आठ-दहा दिवस आधीपासून त्या दिवसाची ओळख करून द्यावी. कुठे जायचे, कोण भेटणार, आवाज कोणत्या वेळी होणार आणि घरी केव्हा परतायचे, हे चार-पाच चित्रांच्या क्रमाने दाखवावे. जमल्यास ती जागा रिकामी असताना एकदा दाखवून आणावी. ढोलाचा किंवा फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून आवाज कमी-जास्त करण्याचे बटण मुलाच्या बोटाखाली द्यावे. तो किती वाढवायचा हे त्यानेच ठरवावे, आणि त्याने बंद केला तर आग्रह करू नये.

कानांच्या संरक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आवाज मोजण्याच्या डेसिबल या मापात दहाची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होणे. स्फोटासारख्या क्षणिक आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्यांना १४० डेसिबलची, तर मुलांना १२० डेसिबलची कमाल मर्यादा दिलेली आहे. यावरून मुलांच्या कानांना अधिक जपावे लागते हे स्पष्ट होते. पहिला आणि बिनखर्चाचा उपाय अंतराचा आहे. मोकळ्या जागेत लाउडस्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. त्यानंतर पूर्ण कान झाकणारे इअरमफ घ्यावेत. नीट बसणारे चांगले इअरमफ वीस ते तीस डेसिबल आवाज अडवू शकतात. आवाज विजेच्या साहाय्याने पुसून टाकणारे हेडफोन इंजिनासारख्या सलग घरघरीवर अधिक चालतात, अचानक होणाऱ्या धमाक्यावर तेवढे नाही, म्हणून आतषबाजीसाठी साधे जाड इअरमफच बरे. ते सणाच्या दिवशी प्रथमच डोक्यावर चढवू नयेत. त्यांचा दाब हीसुद्धा मुलासाठी एक नवी संवेदना असते, तेव्हा घरी खेळताना थोडा थोडा वेळ घालून सवय करावी. उलट, शांत वेळीही ते दिवसभर कानांवर ठेवल्यास संवेदनशीलता वाढू शकते, त्यामुळे गोंगाट संपला की काढावेत.

आतषबाजी दुरून पाहण्याचा आणखी एक लाभ आहे. प्रकाश क्षणात दिसतो, तर आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने येतो. म्हणून एक किलोमीटरवरून पाहिल्यास लखलखाट आणि धमाका यांत जवळजवळ तीन सेकंद मिळतात. मुलाला ते मोजायला शिकवावे. 'एक, दोन, तीन' म्हटल्यावर आवाज येतो हे कळले, की अवचितपणा जातो आणि पुष्कळदा तो मोजण्याचाच खेळ होतो.

समारंभाला गर्दी होण्याआधी पोहोचावे, म्हणजे आवाज मुलाच्या समोर हळूहळू वाढत जातो. पोहोचताच शांत खोली किंवा बाहेरचा कोपरा त्याला दाखवून ठेवावा आणि 'मला बाहेर जायचे आहे' हे सांगणारी एखादी खूण ठरवावी, कारण घाबरलेल्या मुलाला शब्द सुचत नाहीत. त्याने खूण केली की त्याच क्षणी उठावे. 'हे एवढे गाणे होऊ दे' असे एकदा जरी म्हटले, तरी त्या खुणेवरचा त्याचा विश्वास उडतो. वीस मिनिटे आनंदात काढून परत येणे हे तीन तास कसेबसे बसण्यापेक्षा कितीतरी चांगले.

कपडे मऊ, आधी धुतलेले आणि टोचणारे लेबल काढलेले असावेत. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे की मिठी मारणे, गाल ओढणे आणि 'घाबरतोस काय' असे म्हणणे टाळावे; त्याऐवजी लांबून हात हलवला तरी पुरे.

इतके करूनही मूल अनावर झालेच, तर समजूत घालू नये, प्रश्न विचारू नयेत. त्याला आवाजापासून दूर न्यावे, दिवे मंद करावेत, कमीत कमी बोलावे आणि त्याला चालत असेल तरच घट्ट जवळ धरावे. शांत झाल्यावरही थकवा बराच वेळ राहतो, तेव्हा दुसरा दिवस मोकळा ठेवावा. त्या दिवशी सवडीने विचारावे की काय आवडले आणि नेमके कुठे त्रास झाला. त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या सणाची चित्रे काढायला बसताना ते हाताशी असेल.