उन्हाळी काकडी-ढेमसं पेरायच्या आधी: लाल भुंगेऱ्याची तयारी

बियाण्याचं पाकीट फोडण्याआधी एकदा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जाऊन या. मागच्या हंगामातले वेल उपटून तिथेच रचले असतील, मांडवाच्या तारेला दोडक्याचे वाळके वेल अजून लटकत असतील, भोवती गाजरगवत सुकून उभं असेल, तर बाकी यादी नंतर वाचा. आधी तो ढीग. लाल भुंगेरा, म्हणजे काकडीवर्गातल्या वेलांची पानं कुरतडणारा किडा, हिवाळ्यात मरत नाही. वाळलेल्या वेलांत, पाचोळ्याखाली, तणांच्या बुडाशी दडून बसतो आणि ऊन तापायला लागलं की बाहेर पडतो. त्याच वेळी समोर दोन पानांची काकडी उभी असली की संपलं. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे नांगरट, शेणखत, ठिबक, बियाणं सगळं वेळेवर होतं. ढीग तेवढा राहिला, आणि काकडी मोडून पुन्हा पेरावी लागली.

ढीग हलवायचा तोही भल्या पहाटे. जानेवारीत नागपूरकडे सकाळी चांगलंच गारठलेलं असतं, तेव्हा भुंगेराही सुस्त असतो. दुपारी हात लावलात तर तो भुर्रकन उडून शेजारच्या वावरात जाईल आणि काकडी उगवली की परत येईल. वेल ओढत नेऊ नका, वाटेत अर्धे भुंगेरे सांडतात. ताडपत्री अंथरा, ढीग तिच्यावर घ्या, चारही कोपरे धरून खड्ड्यापर्यंत न्या, वर वीतभर माती टाकून दाबा. पेटवण्याचा मोह होतो, पण चांगलं खत होणारा माल कशाला जाळायचा? आणि फक्त स्वतःच्या धुऱ्याकडे पाहून भागत नाही. हा किडा चांगला उडतो, त्यामुळे शेजाऱ्याचा ढीग हाही आपलाच धरायचा. त्याला सांगायला गेलात तर ऐकावं लागेल, “काऊन भाऊ, माह्या कचऱ्यानं तुमाले काय तरास होऊन रायला?” वाद घालू नका. “मीच उचलून नेतो” म्हणा, माणूस लगेच तयार होतो.

ओळख पटवून घ्या, कारण लाल दिसला की मारला असं करणारे ढालकिडेही मारून टाकतात, आणि ते तर मावा खाऊन आपलंच काम करतात. ढालकिडा गोल, घुमटासारखा आणि बहुधा ठिपक्यांचा असतो. आपला चोर लांबट, साधारण ५ ते ८ मिलिमीटरचा, वरून चकचकीत नारिंगी-लाल, एकही ठिपका नाही. उलटा केला की पोट काळं. शास्त्रीय नाव ऑलॅकोफोरा फोव्हिकॉलिस, कूळ क्रायसोमेलिडी, म्हणजे पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं. काकडीवर्गातल्या वेलांत जो कडू अंश असतो त्यानं बहुतेक किडे दूर राहतात, हा मात्र त्याच कडूपणाच्या वासावर येतो. असं असूनही कारल्याला तो सहसा कमी लागतो. कोहळं, काकडी, डांगर ही त्याची खरी आवड. त्यामुळे सगळंच लावणार असाल तर आधी कोहळ्यावर नजर ठेवा. तिथे दिसला की काकडीवर येणारच.

आता माती. वरचा भुंगेरा सगळ्यांना दिसतो, खालची अळी कुणी पाहत नाही. मादी वेलाच्या बुडाशी ओलसर मातीत अंडी घालते, एकेक किंवा छोट्या पुंजक्यांत, एकूण ३०० च्या आसपास. एप्रिलमध्ये आपल्या काळ्या वावरात सगळीकडे भेगा पडलेल्या असतात, ओल असते ती फक्त ठिबकच्या नळीखाली. मग अंडी कुठे असणार ते सांगायला नको. अंडी ६ ते १५ दिवसांत उबतात. मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची अळी १३ ते २५ दिवस मुळं आणि जमिनीलगतचं खोड खाते. मग २०-२५ सेंटिमीटर खोल जाऊन मातीचं घरटं करून कोषात बसते, तिथे आणखी ७ ते १७ दिवस. हिशेब करा: मार्चच्या सुरुवातीला आलेल्या भुंगेऱ्यांची पिल्लावळ एप्रिलमध्ये पानांवर हजर. मार्च ते ऑक्टोबर अशा पाच-आठ पिढ्या निघतात. म्हणूनच सुरुवातीचे मूठभर भुंगेरे महाग पडतात, आणि ते मूठभर कुठून येतात ते वर सांगितलंय. धुऱ्यावरून.

कोष इतक्या खोल असतो, तर नुसत्या वखराच्या पाळीनं काय होणार? वखर तिथवर पोचत नाही. पीक निघाल्याबरोबर खोल नांगरट करायची, म्हणजे कोष उघडे पडून उन्हानं मरतात नाहीतर बगळे-साळुंक्या टिपतात. तुमची राहिली असेल तर आता करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. हिवाळ्यात कीड मातीत कमी आणि कचऱ्यात जास्त असते. नांगरट झाली आणि ढीग तसाच राहिला, तर ट्रॅक्टरचं भाडं वाया.

जागा बदला. गेल्या वर्षी वेल होते तिथे पुन्हा वेल नको, कांदा घ्या, मेथी घ्या, काहीही घ्या. पेरणी जमेल तितकी लवकर करा. भुंगेऱ्याचा जोर वाढेपर्यंत वेलाला चार-सहा खरी पानं आली असली की तो तग धरतो. खरा धोका पहिल्या दोन दलपानांच्या (बी फुटताच येणाऱ्या जाडसर पानांच्या) वेळी असतो, तेव्हा पान आणि शेंडा दोन्ही कुरतडून रोप जागेवर संपतं. थंडीत बी लवकर उगवत नाही, त्यासाठी ट्रेमध्ये कोकोपीट भरून रोपं करा. ट्रेवर कीडरोधक जाळी लागतेच, आणि जाळीच्या कडा मातीत दाबलेल्या हव्यात. एका कोपऱ्यातून जाळी उचललेली असली तर आत भुंगेऱ्यांची पंगत बसते. रोप दोन खऱ्या पानांवर आलं की लावून टाका. या वेलांच्या मुळांना धक्का सहन होत नाही, ट्रेमध्ये जास्त दिवस ठेवू नका. ट्रे कुठे ठेवता तेही बघा. आमच्याकडे सावली म्हणून त्याच ढिगाजवळ ठेवले होते.

लागवडीनंतरचे पंधरा-वीस दिवस रोज सकाळी एक फेरी. ऊन चढायच्या आत. हातात साबणाच्या पाण्याचा डबा घ्या, पानाखाली धरा आणि पान झटका. सुस्त किडा खाली पडतो, पाण्यातून उडता येत नाही. नऊ वाजता चहा पिऊन गेलात तर नुसते उडणारे किडे मोजत बसाल. मजुरीवर बाई लावणार असाल तर तिला वेळेचं कारण समजावून सांगा, नाहीतर ती बाकीच्यांसोबतच येणार. पानावर अर्धगोल कुरतडल्याच्या खुणा दिसल्या आणि किडा नसला तरी तो जवळच आहे. चुलीची राख चाळून दवावर धुरळली तर कोवळ्या पानांवर थोडाफार आडोसा होतो. थोडाफारच.

निंबोळी अर्क: ५ टक्के, म्हणजे दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची भरड. रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, थोडा साबण घालायचा, संध्याकाळी फवारायचं, कारण उन्हात त्याचा गुण उतरतो. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात, तेव्हा वेचल्या नसतील तर आता विकत घ्या. रासायनिक औषध लागलंच तर ते काकडीवर्गासाठी शिफारस केलेलं आहे का ते लेबलवर वाचा, दुकानदार जे हातात देईल ते नको. गंधक तर अजिबात नको. भुरीसाठी (पानांवर पांढरी पावडर दिसते तो रोग) म्हणून लोक मारतात, पण हे वेल गंधकाला नाजूक आहेत, आणि नागपूरच्या उन्हात पानं भाजून निघतात.

लागवडीनंतर वेलांवरही जाळी टाकली असेल तर फुलं लागली की ती काढा, मधमाशी आत गेल्याशिवाय फळ धरत नाही. काकडी आणि कोहळ्याची फुलं सकाळी उघडतात, तेव्हा पंप पाठीवर घ्यायचा नाही. दोडक्याची संध्याकाळी उघडतात, तिथे ती वेळ सोडा.

वेल भर दुपारी मान टाकतो आणि सकाळी सावरतो, असं दिसलं तर लगेच मर रोगाचं औषध ओतू नका. एक वेल उपटून मुळाशी माती चाळा, अळी आहे का बघा. सापडली तर बाकीच्या वेलांच्या बुडाची माती खुरप्यानं हलवून उन्हात उघडी करा. मुळं सांभाळून.

कोहळं, डांगर जमिनीवर पसरतं, तर फळाखाली तुराट्या किंवा वाळकं गवत घाला. अळी टेकलेल्या बाजूनं फळात शिरते आणि ते तिथून सडतं. असं फळ वावरात सोडू नका. फवारणी आणि तोडा यांत किती दिवस सोडायचे ते लेबलवर असतं, कळमन्यात, म्हणजे नागपूरच्या बाजारात, भाव चढला म्हणून ते कमी होत नाहीत. काकडी एक दिवसाआड तोडा. शेवटचा तोडा झाला की वेल धुऱ्यावर रचायचे नाहीत, त्याच आठवड्यात गाडायचे.