इंग्रजी वाक्याची आकृती काढताना आधी क्रियापद पकडा

मुलांना इंग्रजी वाक्य फोडता येत नसेल तर व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा वाक्याची आकृती काढायला लावा. रीड आणि केलॉग या अमेरिकी शिक्षकांनी १८७७ मध्ये मांडलेली ही पद्धत जुनी आहे, पण कामाची आहे.

आपल्या नागपूरकडचंच वाक्य घ्या: ‘द बॉय बॉट स्वीट ऑरेंजेस फ्रॉम काटोल.’ आधी क्रियापद शोधा, बॉट. मराठीच्या सवयीने मुलं ते शेवटी शोधत बसतात. मग विचारा, कोणी? बॉय. काय? ऑरेंजेस. आडवी रेघ ओढून कर्ता, क्रियापद, कर्म याच क्रमाने मांडा. कर्ता आणि क्रियापदामधली उभी रेघ आडवीला छेदून खाली उतरते. क्रियापद आणि कर्मामधली आडवीवरच थांबते. ‘द’ बॉयखाली, ‘स्वीट’ ऑरेंजेसखाली, तिरक्या रेघांवर.

खरी गंमत ‘फ्रॉम काटोल’ची. ‘फ्रॉम’ तिरक्या रेघेवर, तिला जोडलेल्या आडव्या रेघेवर ‘काटोल’. पण हे टांगायचं कुठे? बॉटखाली टांगलं तर खरेदी काटोलला झाली. ऑरेंजेसखाली टांगलं तर संत्री काटोलची, मग घेतली का असेनात सीताबर्डीच्या हातगाडीवरून! दोन्ही बरोबर. इथे उत्तर सांगून टाकू नका, मुलाला ठरवू द्या.

‘द ऑरेंज इज स्वीट’मध्ये कर्मच नाही, म्हणून ‘इज’नंतर उभी नव्हे, कर्त्याकडे झुकलेली तिरकी रेघ येते.

कागद कोरा आणि आडवा धरा, पेन्सिलच वापरा. जोडवाक्यं सध्या राहू द्या.