न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तंबू ठोकताना

वेस्टपोर्टहून हास्टकडे गाडीने निघालात आणि वाटेत तंबूत राहणार असाल, तर पावसाइतकीच सँडफ्लायची धास्ती बाळगा. दिसायला तिळाएवढी काळी माशी, पण चावली की घोटे दिवसचे दिवस खाजतात. दिवसभर छळते, संध्याकाळी तर कहरच. अंधार पडला की गायब! वाऱ्यात तिला नीट उडता येत नाही. म्हणून झाडीच्या आडोशापेक्षा वारं लागणारी मोकळी जागा बघा. गडद कपड्यांकडे ती जास्त ओढली जाते, तेव्हा फिके, पूर्ण बाह्यांचे घाला आणि मोजे चढवूनच गाडीतून उतरा. तंबूची चेन उघडी टाकून सामानाची ने-आण अजिबात नको. वाटेतल्या पुनाकाईकीच्या खडकाळ किनाऱ्यावर मात्र भरतीची वेळ साधा. ओहोटीला खडकांतून उसळणारं पाणी फारसं दिसत नाही.