कॉर्न स्नेक घरी आणण्याआधी पेटी तयार करा

इंग्लंडमध्ये शाळेत कधी कधी प्राणी दाखवायला आणतात. मुलं केशरी साप हातात धरून बघतात आणि घरी आल्यावर हट्ट सुरू होतो. आमच्या लेकीचंही तसंच झालं. रेडिंगच्या आमच्या घरात आता कॉर्न स्नेक आहे, म्हणून ओळखीतली मराठी मंडळी मला विचारतात, "पेटी कोणती घेऊ?" मी सगळ्यांना एकच सांगते: पेटी आधी, साप नंतर. रिकाम्या पेटीतला उबेचा दिवा आठवडाभर चालू ठेवा, रोज सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून काढा. आकडे स्थिर दिसले तरच साप आणायला निघा.

हे सगळं ब्रिटनपुरतं आहे, हे आधीच स्पष्ट करते. भारतात नाग, धामण, अजगर असे आपले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. गावाकडच्या भाचरांनी हे वाचून अंगणातली धामण डब्यात घालू नये. इथे कॉर्न स्नेकला परवाना लागत नाही, पण सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही आणि २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याप्रमाणे त्याच्या गरजा भागवायची जबाबदारी मोठ्यांवर येते. शिवाय हा साप पंधरा-वीस वर्षं सहज जगतो. लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली की त्याचं सगळं तुम्हालाच बघायचं आहे.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडा आणि कॅरोलिनाकडचा. पाइनची जंगलं, शेतं, धान्याची कोठारं ही त्याची जागा. बिनविषारी, शांत, वाढून साधारण १२० ते १५० सेंटिमीटर. पेटीची लांबी निदान सापाएवढी हवी, म्हणजे त्याला अंग पूर्ण ताणता येईल. मोठ्या सापासाठी १२० बाय ६० बाय ६० सेंटिमीटर ही मी किमान मानते, साप याहून लांब झाला तर पेटीही तेवढी लांब घ्या. ब्रिटिश घरांत लाकडी पेटी उत्तम, कारण ती ऊब धरून ठेवते. पुढच्या सरकत्या काचांना कुलूप लावाच. पिल्लू मात्र दोन काचांमधल्या फटीतूनही निसटतं, म्हणून सुरुवातीला त्याला घट्ट झाकणाच्या, हवेसाठी छिद्रं असलेल्या लहान पेटीत ठेवलेलं बरं. वापरलेली पेटी घेतलीत तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळतं तेच जंतुनाशक वापरा. डेटॉल आणि फिनेल आपल्या हाताशी असतं, पण सापाला ते घातक ठरू शकतं.

आता खरं काम, म्हणजे ऊब. साप स्वतःचं अंग आतून तापवू शकत नाही. तो उबेला जातो, पुरे झालं की गारव्याला येतो. खाल्लेलं पचण्यासाठीही त्याला ही ऊब लागते. म्हणून पूर्ण पेटी एकसारखी गरम करू नका. दिवा एका टोकाला लावा आणि दुसरं टोक मोकळं सोडा. उबदार बाजूची हवा २८ ते ३० अंश, दिव्याखालच्या फरशीच्या तुकड्याचा पृष्ठभाग ३२ च्या आसपास, गार टोक २० ते २४. रात्री दिवा बंद, आणि पारा २० पर्यंत उतरला तरी चालतं.

दिवा असो, हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) असो, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला ऊब आपोआप आवरणाऱ्या उपकरणाशिवाय, काहीही लावू नका. यात मी कुणाचंच ऐकत नाही. मॅट नियंत्रणाशिवाय तापत राहिली तर साप भाजतो. हॅलोजन दिव्याला प्रकाश कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट लागतो, मॅटला साधा चालू-बंद होणारा पुरतो. थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा सेन्सर उबदार बाजूला पक्का बसवा, कारण सापाने तो ढकलून गार कोपऱ्यात नेला की दिवा तापतच राहील. दिव्याभोवती जाळी हवी, नाहीतर साप त्यालाच विळखा घालतो. काचेवर चिकटवायच्या गोल काट्याच्या तापमापकावर माझा भरवसा नाही. दोन डिजिटल तापमापक घ्या, दोन्ही टोकांना एकेक. कमी ताकदीचा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवाही मी दिवसा बारा तास लावते.

लपायच्या जागा निदान दोन, एक उबेला आणि एक गारव्याला. एकच ठेवली तर लपावं की ऊब घ्यावी, अशी सापाची अडचण होते. जागा ऐसपैस नको, वेटोळं घातल्यावर अंगाला भिंत लागली पाहिजे. तिसरा एक झाकणाचा डबा, त्याला भोक पाडून आत ओलसर शेवाळ. कात टाकायच्या दिवसांत डोळे दुधाळ होतात, तेव्हा साप त्यात जाऊन बसतो आणि कात अखंड निघते. एरवी आर्द्रता ४० ते ५० टक्के पुरे. खाली अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा इतका जाड घाला, की साप आत शिरू शकेल. देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातल्या तेलांचा त्याला त्रास होतो. चढायला जाड फांद्या द्या, हा साप चांगला चढतो. पाण्याचं भांडं जड असावं आणि पाणी रोज बदलावं.

पेटी स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, फोडणीचा ठसका आणि धूर तिकडे जाऊ नये. रेडिएटरशेजारी किंवा खिडकीच्या उन्हातही नको.

शाकाहारी घरांनी एक गोष्ट आधीच ठरवावी. हा साप उंदीर खातो, तेही फ्रीझरमध्ये गोठवलेले, बाहेर काढून बर्फ पूर्ण उतरू दिलेले. आम्ही त्यासाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर ठेवला आहे. घरात उंदीर अजिबात चालणार नसेल तर साप आणू नका, त्याला दुसरं काही देऊन भागत नाही. नागपंचमीला आजी भारतातून आलेल्या असतील तर त्यांना प्रेमाने समजावा: साप दूध पचवू शकत नाही, पूजा बाहेरून करा.

साप आल्यावर पहिले पाच-सात दिवस त्याला हात लावू नका, मित्रमंडळींनाही दाखवायला बोलावू नका. लपून बसला तर बसू दे. मग पहिला उंदीर द्या, आणि खाल्ल्यानंतर ४८ तास पुन्हा हात नाही, नाहीतर तो उंदीर ओकून टाकतो. सापाला किंवा पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका असतो. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य सगळीकडे नसतो, म्हणून जवळचा शोधून त्याचा नंबर साप आणण्याआधीच पेटीवर चिकटवा.